ताटलीतला ओरखडा

६ फेब्रुवारी

तिसऱ्यांदाही तेच आलं. आता लिहून ठेवते, कारण बोलायची सोय नाही. विभागप्रमुख प्रोफेसर साफाकांच्या कानावर घातलं की दुपारपर्यंत साऱ्या विद्यापीठात होतं, आणि ताईला सांगावं तर ती कालच दुआलाच्या हॉस्पिटलातून केमो घेऊन आलीय. तिला पाण्याचा वाससुद्धा सहन होत नाही.

काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी दाट वाढवायच्या, मधोमध बारीक टोकाने एक ओरखडा काढायचा आणि वाट पाहायची. या पेशी स्वस्थ बसत नाहीत. दोन्ही काठांवरून सरकत येतात आणि सकाळपर्यंत ओरखडा बुजवून टाकतात. ही सरकायची खोडच माणसाला मारते. गाठ आपल्या जागी राहिली असती तर कापून टाकता आली असती. आज सकाळी ज्या ताटल्यांत कडवेलीतला अकरा नंबरचा अर्क घातला होता, त्यांतला ओरखडा जसाच्या तसा उघडा होता. पेशी मेल्या नव्हत्या. नुसत्या काठावर थांबल्या होत्या, ओढ्याला पाणी चढल्यावर माणसं थांबतात तशा.

आर्मेलने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला आणि माझा हात धरला. गेली चार वर्षं ही मुलगी माझ्या हाताखाली पीएचडी करतेय. वीज जाते, जनरेटर चालत नाही, पेशी मरतात, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिच्यासाठी तरी हे खरं निघू दे.

कडवेल आईच्या शेताखालच्या ओढ्याकाठची, आमच्या फोंगो खेड्यातली. आजी तिच्या पाल्याने जखमा धुवायची. तेवढ्याच आठवणीवर मी ती प्रयोगशाळेत आणली होती.

१० फेब्रुवारी

रविवार. ताईकडे जेवले. आई गेली तेव्हा मी सहावीत होते. तेव्हापासून मला वाढवलं, शिकवलं ते ताईने, तिच्या शिलाई मशीनवर. गावात तिला बेर्नादेत म्हणून कोणी हाक मारत नाही. जुळ्यांची आई म्हणून लहानथोर सगळे तिला ‘मान्यी’ म्हणतात, आणि ती ते मानाने मिरवते. जुळे आता मोठे झाले. एक गाबोनला, एक याउंदेला.

आजार मात्र तिने गावापासून लपवलाय. ऑपरेशनला गेली तेव्हा मुलाकडे गेल्याचं सांगितलं. डोक्याला रुमाल बांधते, त्याची तिने फॅशनच केलीय. आता तिच्यासारखे रुमाल शिवून मागायला बायका येतात.

जेवण झाल्यावर मला म्हणाली, सुईत दोरा ओवून दे, चष्मा सापडत नाहीय. चष्मा तिच्या नाकावरच होता. दोघी हसलो.

१५ फेब्रुवारी

साफाकांना कळलंच. त्यांनी गावच्या रेडिओवर माझा कार्यक्रम परस्पर ठरवून टाकलाय. मी म्हटलं, अजून उंदरालाही दिलेलं नाही. ते म्हणाले, सोलांज, लोकांना कळू दे की आपण इथे नुसता खडू झिजवत नाही. आणि बाहेरून मदत येते ती नाव झाल्यावर, आधी येत नाही.

त्यांचं खोटं नाही. मलाही बोलायचंय, हेही खोटं नाही.

२१ फेब्रुवारी

बोलले. सगळं नीट सांगितलं. ताटलीतल्या पेशी, ओरखडा, अजून उंदीर बाकी, मग माणसं, दहा वर्षं लागतील, कदाचित काहीच हाती लागणार नाही. निवेदक फिदेल गोड माणूस आहे. शेवटी त्याने विचारलं, “म्हणजे डॉक्टर, आपल्या आज्यांचं बरोबरच होतं म्हणायचं?” मला हसू आलं. म्हटलं, “हो, माझ्या आजीचं तरी बरोबर होतं.”

घरी येताना रस्त्यात लोकांनी थांबवून अभिनंदन केलं. ताईने दुकानातल्या सगळ्या मुलींना मशीन बंद करायला लावून कार्यक्रम ऐकवला होता. मला तिने मिठीच मारली. मग खोदून खोदून विचारत बसली. आईच्या शेताखालचीच ना वेल? पान की मूळ? ओलं की वाळवून? मी सगळं सांगत बसले. माझ्या कामाबद्दल ताईने इतकं कधीच विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

१२ मार्च

ताईचा आवाज सुधारलाय. परवा दुआलाला जाऊन आली म्हणाली. मी सोबत येते म्हटलं होतं, पण तुझे प्रयोग सोडू नकोस म्हणाली आणि एकटीच गेली. डॉक्टरांनी आता दोन केमोंमधलं अंतर वाढवलंय म्हणे. या वेळी उलटी नाही, काही नाही. मी गेले तेव्हा पिवळ्या रश्शाबरोबर टारोचे कुटलेले कंद खात होती, बोटं बुडवून, पूर्वीसारखी. मी समोर बसून नुसती बघत राहिले.

उंदरांची परवानगी आली. आर्मेल पिंजरे धुतेय.

२ एप्रिल

बुरशी लागून ताटल्यांची एक खेप वाया गेली. त्यात आर्मेल सांगत आली की बाजारात कडवेलीच्या जुड्या विकायला आल्यात. बायका माझं नाव सांगून विकतात. ‘डॉक्टर सोलांजची वेल.’ मी साफाकांकडे गेले. ते म्हणाले, फुकटची जाहिरात आहे, कशाला तोंड वाकडं करतेस? मी म्हटलं, लोक पितील. ते म्हणाले, लोक आधीपासूनच पितात, आता निदान आपल्या नावाने पितात.

नमुन्यासाठी फोंगोला गेले तर ओढ्याचा काठ ओरबाडलेला. बहुतेक वेली मुळासकट उपटलेल्या. आईच्या शेताच्या अंगाला मात्र कोणीतरी कात्रीने नीट शेंडे छाटून नेलेत, वेल जगेल असे. म्हटलं, चला, एक तरी शहाणं माणूस आहे.

बाजारात जाऊन त्या बायकांशी बोलायला हवं. गेले नाही. काय बोलणार होते, कोण जाणे.

२१ एप्रिल

ईस्टर. ताई रुमाल न बांधता चर्चला आली. डोक्यावर काळे मऊ केस उगवलेत, तिचे जुळे जन्मले तेव्हा त्यांच्या डोक्यावर होते तसे. आख्खी प्रार्थना मी तिच्या मानेकडे बघत काढली. नवा ब्लाऊज स्वतः शिवला म्हणाली, हातशिलाईचा, बारीक टाक्यांचा. वजनही वाढलंय. औषध तिला मानवलं. देवाचे आभार मानावेत की दुआलाच्या डॉक्टरांचे, कळेना. दोघांचेही मानले.

हल्ली ती एक फ्लास्क जवळ बाळगते. मी घोट मागितला तर म्हणाली, पोटाचा काढा आहे, तुला नाही झेपायचा. आल्याचा असेल.

९ मे

दुआलाहून डॉ. एकांगांचा फोन आला. कागदावर नातेवाईक म्हणून माझा नंबर आहे. म्हणाले, तुमच्या बहिणीला आम्ही बरेच फोन केले, उचलत नाहीत. फेब्रुवारीनंतर त्या आलेल्याच नाहीत. त्या आहेत ना?

मी म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होतेय, ती मार्चमध्येही आली होती, एप्रिलमध्येही. त्यांनी पूर्ण नाव वाचून दाखवलं, जन्मतारीख वाचून दाखवली. फोन ठेवल्यावर मी ताटल्या मोजायला घेतल्या. आकडेच लागेनात. मग एकदम केस आठवले. केमो चालू असताना असे केस येत नाहीत. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

१० मे

दुकानात गेले. ताई एका झग्याची दुमड घालत होती. मुलींना बाहेर पाठवलं. तिला कळलंच असणार, कारण तिने मशीन थांबवलं नाही. फ्लास्क शेजारीच होता. मी झाकण काढून वास घेतला. माझ्या प्रयोगशाळेचा वास.

“कधीपासून जात नाहीयेस?”

“तू रेडिओवर बोललीस तेव्हापासून.”

“ताई, मी ताटलीत म्हटलं होतं. काचेच्या ताटलीत.”

“म्हटलं असशील. मी ताटली नाही ऐकली. पसरायचं थांबतं, एवढं ऐकलं. आणि आजीचं बरोबर होतं म्हणालीस, ते ऐकलं.”

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मी ओरडले नाही, एवढं आठवतं. माणसाच्या अंगात ते पाणी कुठवर पोचतं, पोचतं तरी का, विष होतं का, यातलं कोणाला काही माहीत नाही, असं सांगत राहिले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग मशीन थांबवलं आणि दोन्ही हात माझ्यापुढे पालथे धरले.

“बोटं बधिर झाली होती, सोलांज. सुई टोचली तरी कळायचं नाही. एका नवरीच्या पांढऱ्या झग्यावर रक्ताचे डाग पडले. ते माझंच रक्त आहे हे मला तिच्या आईने सांगितलं.”

“डॉक्टरांना सांगायचं. औषध बदलतात ते.”

“तिथल्या नर्सला सांगितलं होतं. म्हणाली, होतं असं, मान्यी.”

“मग मला सांगायचं.”

“तुला कधी सांगणार? तू ताटल्यांत होतीस.” तिने पुन्हा कापड ओढून घेतलं. “आणि मला वाटलं, तुझं औषध आहे. बरी झाले की सांगेन, तुला केवढा आनंद होईल.”

मी म्हटलं, माझं औषध नाही ते. ती नुसती वेल आहे. तिने दाताने दोरा तोडला. दुआलाला यायला मात्र कबूल झाली. गावात कोणाला कळू द्यायचं नाही, या अटीवर.

एक गोष्ट इथे तरी लिहिते. तो वास घेत असताना क्षणभर माझ्या मनात आलं की पाला किती वेळ उकळते, दिवसातून किती पिते, हे विचारून घ्यावं. आणि काय सांगावं, कदाचित थांबलंही असेल. माझ्या सख्ख्या बहिणीकडे बघताना मनात हे आलं.

२४ मे

यकृतात ठिपके आहेत.

डॉ. एकांगा वयस्कर आहेत, सावकाश बोलतात. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ताईने त्यांना सरळ विचारलं, मी येत राहिले असते तर हे झालं नसतं का? ते म्हणाले, कदाचित झालं नसतं. कदाचित तरीही झालं असतं. यातलं कोणतं, हे मी सांगितलं तर ते खोटं असेल. बोटांचं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. दुसरं औषध आहे म्हणाले, त्याने बोटं वाचतील. ते फेब्रुवारीतही होतं.

माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या गावाकडचे आणखीही पेशंट यायचे बंद झालेत. का ते मला आता कळलं.

परतताना बस मेलोंगला थांबली. ताईने भाजलेली केळी आणि साफूची फळं घेतली, मला अर्धी दिली. सांचूच्या घाटात मला रडू फुटलं. ती म्हणाली, “इथे नको रडूस. ड्रायव्हर आरशात बघतोय, दरीत घालेल सगळ्यांना.” मग माझं डोकं खांद्यावर घेऊन बसली. आजारी ती, आणि खांदाही तिचाच.

३ जून

साफाकांना म्हटलं, मला पुन्हा रेडिओवर जायचंय. ते नाही म्हणाले. आपला लेख जर्नलकडे तपासणीला गेलाय, जर्मनीची मंडळी पैसे द्यायला तयार आहेत, आणि तुला नेमकं आत्ताच भीती पसरवायचीय? मी म्हटलं, पेशंट हॉस्पिटलात जायचे थांबलेत. म्हणाले, एखादाच असेल. एखादाच कोण, ते मला सांगता येईना. ताईला शब्द दिलाय.

आर्मेलला मात्र सांगितलं, ताईचं नाव न घेता. तिने हातातली ताटली खाली ठेवली. मग म्हणाली, “मॅडम, माझी मावशीपण पितेय. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती.”

८ जून

साफाकांना न विचारता गेले. फिदेलने थेट प्रक्षेपणात वेळ दिली.

वाईट झालं. मी ताटली म्हटलं, यकृत म्हटलं, पुरावा म्हटलं. माझं मलाच ऐकवेना. मग लोकांचे फोन सुरू झाले. एक बाई म्हणाली, वेल पिऊन माझी आई उठून बसली, तुम्ही कोण सांगणाऱ्या? एकाने विचारलं, औषध कंपनीने किती दिले? आणि एक म्हातारे गृहस्थ, आवाज इतका आर्जवी, म्हणाले, “डॉक्टरबाई, आम्हाला एवढंच सांगा. तुम्ही तेव्हा खरं बोललात की आता?”

मी म्हटलं, दोन्ही वेळा. ते म्हणाले, मग आम्ही काय करायचं? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ताईचं होतं आणि त्यावर माझा हक्क नव्हता.

फिदेलने पुढचा फोन घेतला. नाव विचारलं.

“मान्यी बेर्नादेत. बाजारामागे शिवणकाम करते. ती तिथे बसलीय ती माझी बहीण.”

ती माझ्यासारखी फ्रेंचमध्ये बोलली नाही. आमच्या भाषेत बोलली, बाजारात बोलतात तशी. ती बोलली ते आठवतंय तसं लिहिते.

“मला स्तनाचा कॅन्सर आहे. मुलाकडे गेले होते असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं. मी ही वेल रोज प्यायले, तीन वेळा. मला खूप बरं वाटलं. उलट्या थांबल्या, केस आले, तुम्हीच म्हणालात मान्यी किती छान दिसते. मला बरं वाटलं, कारण मी हॉस्पिटलचं औषध सोडलं होतं. ते औषध सोडलं की कोणालाही बरंच वाटतं. आणि मला बरं वाटत होतं तेव्हा ते आत पसरत होतं. आता यकृतात आहे. माझी बहीण शिकलेली आहे, तिला तुमच्याशी साधं बोलता येत नाही. म्हणून मी बोलले. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी त्याला गाडीत बसवा. वेल कुठे पळून जात नाही.”

मग तिने फोन ठेवून दिला. फिदेलने गाणं लावलं.

९ जून

सकाळी तिच्याकडे गेले. दुकान बंद होतं, ती घरात. माझ्याशी धड बोलली नाही. म्हणाली, आता सगळे माझ्याकडे मेल्यासारखे बघतील, झालं तुझं समाधान? मी म्हटलं, मी तुला फोन करायला सांगितलं नव्हतं. म्हणाली, “नव्हतं सांगितलं. पण तू तिथे अशी गप्प बसलीस की मला बसवेना.”

३० जून

ताईचं खरं ठरलं. बारशाचे कपडे शिवायला आता कोणी येत नाही. आजारी हाताचे टाके बाळाच्या अंगाला नकोत. तोंडावर कोणी बोलत नाही, ‘नंतर येते मान्यी’ एवढंच म्हणतात. दुकानातल्या दोन मुलींना तिने काम नाही म्हणून घरी पाठवलं.

डॉ. एकांगांचा निरोप आला की तिघे परत आले. त्यांत आर्मेलची मावशी. रेडिओवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं काय झालं, मला कधी कळणार नाही.

बाजारात वेल अजून विकतात. आता म्हणतात, हॉस्पिटलच्या औषधासोबत घ्या. आज मात्र मी गेले. प्रत्येकीपुढे उकिडवी बसले. सोबतही घेऊ नका, एक दुसऱ्याला मारक ठरू शकतं, असं सांगितलं. एकीने जुडी गोणपाटाखाली सरकवली आणि मी वळल्याबरोबर परत वर काढली. उद्या पुन्हा जाईन.

साफाक माझ्याशी कामापुरतं बोलतात. जर्मनीचे लोक गप्प आहेत.

१७ ऑगस्ट

दुआला. ताईचं नव्या औषधाचं चौथं सलाईन. कालच्या तपासणीत ठिपके तेवढेच आहेत. वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत. डॉ. एकांगा म्हणाले, ही चांगली बातमी आहे. आनंद करायचा की नाही ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सुई लावल्यावर ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. तेवढ्यात म्हणाली, “उंदरांचं काय झालं?”

मी काल रात्रीपर्यंत त्याच आकड्यांत होते. टाळावं असं वाटलं. मग सांगितलं. ज्यांना अर्क दिला त्यांतल्या काहींच्या फुप्फुसात कमी पसरलंय. काहींच्यात तितकंच पसरलंय. आणि जास्त डोस दिलेले बरेचसे अर्कानेच मेले.

“म्हणजे चालतं की नाही?”

“माहीत नाही, ताई.”

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. लहानपणी मी शाळेतून आल्यावर ती माझी पाटी हातात घेऊन बघायची तसं.

“‘माहीत नाही’, हे तेव्हा का नाही बोललीस? हे तर मला कळलं असतं.”

मी तिचा मोकळा हात धरला. अंगठ्याने तिच्या एकेका बोटाची पेरं दाबत गेले आणि प्रत्येक वेळी विचारलं, कळतंय का? तिने चार बोटांना हो म्हटलं. करंगळीला म्हणाली, थोडंसं.